तिन्ही औषधांत चांगले कोणते?

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा बालआहार किंवा लसीकरण यांवर चार शब्द लिहावेत असे मनात होते. दरवर्षी मी तेच करीत आलो आहे. पण गेली काही वर्षे एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. तो एका पित्याने मला विचारला होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मी देऊ शकलो नाही. या वेळी तोच प्रश्न आपणा सर्व सहव्यवसायी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

२०१७ साली सिंधीपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात एक यंत्रमाग कामगार आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी जाणूनबुजून बदलले आहेत.) एका डोळ्याने धुरकट दिसते आणि डोळा फिरवला की दुखतो, एवढीच तक्रार होती. नेत्रतज्ज्ञांनी ऑप्टिक न्यूरायटिस असल्याचे कळवले. मी आमच्या विद्यार्थिदशेतील प्रघाताप्रमाणे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहून दिल्या. महिनाभरात दृष्टी सुधारली आणि त्याचे श्रेय मी गोळ्यांना, पर्यायाने स्वतःला, देऊन टाकले. आठ महिन्यांनी मुलीचा उजवा पाय लुळा पडला. मग मोठ्या शहरात नेणे, एमआरआय, पाठीतील पाण्याची तपासणी हे सगळे झाले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे निदान निश्चित झाले.

तिला इंटरफेरॉनची इंजेक्शने सुरू झाली. घरी शीतकपाट नव्हते. शेजाऱ्यांच्या शीतकपाटात ती ठेवली जात. दीड वर्ष असे चालले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, रेल्वे बंद झाली, माग बंद पडले, आणि औषधही बंद झाले. त्याच वर्षी रोगाने पुन्हा उचल खाल्ली. गाड्या सुरू झाल्यावर ते पुन्हा मज्जाविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तीन पर्याय सांगितले: पूर्वीचेच इंटरफेरॉन, फिंगोलिमॉडच्या कॅप्सूल, किंवा दर सहा महिन्यांनी शिरेतून द्यावयाचे रिटुक्सिमॅब. तिन्हींचा खर्च, धोके आणि सोयी निराळ्या. निर्णय घरी जाऊन विचाराने घ्या, असे त्यांनी सांगितले, आणि ते योग्यच होते.

तो पिता दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माग विकला तर एका औषधाचे पैसे होतील. तिन्ही औषधांत चांगले कोणते, तेवढे सांगा."

प्रश्नाचे वजन

हा रोग आपल्यापैकी बहुतेकांनी पुस्तकातच अधिक पाहिला आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मेरुरज्जू यांतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण कुरतडू लागते. कधी दृष्टी, कधी पाय, कधी मूत्राशय, कधी तोल, असे निरनिराळे आघात होतात. पुष्कळांत ते काही आठवड्यांनी ओसरतात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा येतात. १८६८ साली पॅरिसमध्ये शार्को यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. आम्ही एम.डी.चे शिक्षण घेत असताना "हा गोऱ्या लोकांचा रोग" असे एका वाक्यात शिकवले जाई. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात लाखामागे वीसहून अधिक रुग्ण असल्याचे दाखवले, तरी तो एका समाजापुरता अपवाद मानला गेला. पुढे मंगळूरच्या डॉ. लेखा पंडित यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील सर्वसाधारण लोकसंख्येत लाखामागे सुमारे ८ रुग्ण आढळले. म्हणजे आपल्यासारख्या एखाद्या जिल्ह्यातही पन्नास-साठ रुग्ण असावेत. आपणा सर्वांच्या नोंदी एकत्र केल्या तर त्यांतले किती सापडतील, हा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

औषधांच्या बाबतीत मात्र हा रोग दरिद्री राहिलेला नाही. १९९३ साली अमेरिकेत पहिल्या इंटरफेरॉनला मान्यता मिळाली. त्यानंतर १९९६ मध्ये ग्लॅटिरॅमर, २००४ मध्ये नॅटालिझुमॅब, २०१० मध्ये फिंगोलिमॉड, २०१३ मध्ये डायमिथिल फ्युमरेट, २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅब अशी औषधांची रांग लागली. पूर्वी प्रश्न होता, औषध आहे का? आता प्रश्न आहे, इतक्यांतून कोणते? सिंधीपुऱ्यातील तो कामगार नेमके हेच विचारीत होता.

चाचणी आणि वास्तव

याचे पहिले उत्तर अर्थातच यदृच्छ पद्धतीच्या तुलनात्मक चाचण्या हे आहे. त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मी ज्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांचीच गोष्ट पाहा. ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये तोंडावाटे प्रेडनिसोन देण्याची प्रथा जगभर होती. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर रीतसर तुलना झाली आणि १९९२ साली निष्कर्ष आला: शिरेतून दिलेल्या मिथिलप्रेडनिसोलोनने दृष्टी लवकर सुधारते, नुसत्या गोळ्यांनी नेहमीच्या मात्रेत काही लाभ होत नाही, उलट तो त्रास पुन्हा होण्याचे प्रमाण वाढते. निष्कर्षाला पंचवीस वर्षे झाल्यावर मी तेच केले. माझी रुग्ण माझ्या गोळ्यांमुळे बरी झाली नव्हती; ती आपोआप बरी झाली होती. आघात येऊन ओसरणे हा या रोगाचा स्वभावच असल्याने कोणतेही औषध येथे यशस्वी भासू शकते. म्हणून नियंत्रित चाचणीवाचून गत्यंतर नाही.

परंतु चाचण्यांच्याही मर्यादा आहेत. पहिली, त्या बहुधा दोन वर्षांच्या असतात आणि रोग चाळीस वर्षांचा असतो. दुसरी, औषधाची तुलना बहुधा औषधाचा अंश नसलेल्या बनावट गोळीशी किंवा एखाद्या जुन्या औषधाशी होते; दोन नव्या, स्पर्धक औषधांना समोरासमोर उभे करण्यात कोणत्याच कंपनीला रस नसतो. तिसरी, चाचणीत घेतलेले रुग्ण निवडक असतात. क्षय, कावीळ, गर्भारपण, साठी ओलांडलेले वय हे सगळे दाराबाहेर थांबते. आमच्या दवाखान्यात मात्र तेच आत येते.

मुलांच्या बाबतीत हे दारिद्र्य अधिकच जाणवते. १० ते १७ वर्षे वयाच्या २१५ मुलामुलींवर फिंगोलिमॉड आणि इंटरफेरॉन यांची तुलना झाली व २०१८ साली प्रसिद्ध झाली. फिंगोलिमॉडने आघातांचे वार्षिक प्रमाण ८२ टक्क्यांनी घटले. हा फार मोठा लाभ आहे. पण त्याच चाचणीत गंभीर दुष्परिणाम फिंगोलिमॉडच्या गटात सुमारे १७ टक्के आणि इंटरफेरॉनच्या गटात सुमारे ६.५ टक्के होते. आणि ही मुले चाळिशीत कशी असतील, हे दोन वर्षांची चाचणी सांगू शकत नाही. त्या पित्याला मात्र तेच हवे होते. मुलगी पुढे चालेल का, तिचा संसार होईल का?

नोंदवह्यांचा आधार आणि त्यांतील खाचखळगे

ही उणीव भरून काढण्यासाठी काही देशांनी रुग्णांच्या नोंदवह्या ठेवल्या. डेन्मार्कमध्ये ही प्रथा १९५६ पासून आहे. स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदवही आहे. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या 'एमएसबेस'मध्ये अनेक देशांतील डॉक्टर आपापल्या रुग्णांची माहिती भरतात. नेहमीच्या व्यवहारात, नेहमीच्या रुग्णांना औषध दिल्यावर खरोखर काय घडते, हे अशा वह्यांतून कळते.

येथेही भाबडेपणा उपयोगाचा नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या नोंदींवरून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरफेरॉन घेणारे ८६८ रुग्ण होते. काठीवाचून चालणे अशक्य होण्याची पायरी त्यांनी कधी गाठली, हे पाहिले गेले. त्याच काळातील औषध न घेणाऱ्या रुग्णांशी तुलना केली तेव्हा औषध घेणाऱ्यांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक दिसला. औषध उपलब्ध नसलेल्या जुन्या काळातील रुग्णांशी तुलना केली तेव्हा तोच धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसला. संख्याशास्त्राच्या कसोटीला दोन्ही फरक उतरले नाहीत. औषध तेच, रुग्ण तेच, तुलनेचा गट बदलला आणि उत्तराची दिशा उलटली.

याचे कारण आपणा बालरोगतज्ज्ञांना सहज कळावे. अतिसाराच्या साथीत ज्या मुलांना सलाईन लागते, त्यांत मृत्यू अधिक होतात. म्हणून सलाईनने मुले दगावतात असे कोणी म्हणेल काय? सलाईन लावलेच मुळी अधिक खालावलेल्या मुलांना. तसेच ज्याचा रोग उग्र त्यालाच डॉक्टर औषध देतात, आणि मग औषध घेणारे अधिक आजारी दिसतात. जुन्या काळाशी तुलना केली तर दुसरीच अडचण येते: त्या काळी एमआरआय नव्हते, सौम्य रुग्णांचे निदानच होत नसे, म्हणून जुने रुग्ण सरासरीने अधिक गंभीर. आणखी एक चकवा असा की, "पाच वर्षे औषध घेतलेले रुग्ण" निवडले की ते पाच वर्षे तग धरून होते हे त्या निवडीतच आले. जे दुसऱ्याच वर्षी खाटेला खिळले व औषध सोडून बसले, ते त्या यादीत येतच नाहीत. मग औषध अमृत वाटू लागते.

ब्रिटनने २००२ मध्ये सरकार व कंपन्यांत खर्चाची जोखीम वाटून घेणारी योजना आखून हजारो रुग्णांना ही औषधे दिली व त्यांचा मागोवा घेतला. २००९ च्या पहिल्या अहवालात रुग्णांची प्रकृती अपेक्षेहून वाईट दिसली. २०१५ च्या सहा वर्षांच्या अहवालात, सुधारलेल्या गणितानुसार, औषधांचा लाभ दिसला. निष्कर्ष गणितावर किती अवलंबून असतो, याचा हा धडा आहे.

मला सर्वांत बोलकी वाटते ती डेन्मार्क व स्वीडन यांची तुलना. दोन्ही देश शेजारी, दोन्हीकडे उपचार सरकारी खर्चाने, दोन्हीकडे उत्तम नोंदी. फरक डॉक्टरांच्या धोरणात. २०१३ ते २०१६ या काळात स्वीडनमध्ये ४२.५ टक्के रुग्णांना आरंभीच प्रभावी औषध दिले गेले. डेन्मार्कमध्ये फक्त ७.६ टक्के रुग्णांना, बाकीच्यांना आधी सौम्य औषध. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत स्वीडनमधील रुग्णांत अपंगत्व वाढण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. येथे "कोणाला औषध दिले" हा व्यक्तिगत निवडीचा चकवा बराच कमी होतो, कारण तुलना दोन रीतींची आहे. एमएसबेस आदींच्या आधारे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १५५५ रुग्णांच्या अभ्यासाचा कौलही याच दिशेचा आहे. सौम्य औषधाने सुरुवात करून रोगाने उचल खाण्याची वाट पाहणे, ही रीत आता सर्रास समर्थनीय राहिलेली नाही, असे माझे मत बनले आहे.

महाग तेच चांगले काय?

आता त्या तीन पर्यायांतील रिटुक्सिमॅबकडे येतो. हे मूळचे कर्करोगाचे व संधिवाताचे औषध. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी त्याला कंपनीने मान्यताच मागितली नाही. त्याच जातीच्या ऑक्रेलिझुमॅबला ती मिळाली. स्वीडनच्या डॉक्टरांनी मात्र रिटुक्सिमॅब मोठ्या प्रमाणावर वापरले, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, आणि नोंदींवरून आशा वाटल्यावर कंपनीची वाट न पाहता स्वतः चाचणी केली. २०२२ साली तिचे निष्कर्ष आले: दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्के, तर डायमिथिल फ्युमरेट घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्णांना पुन्हा आघात झाला. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या रोगाची औषधे प्रथमच घातली. ग्लॅटिरॅमर व क्लॅड्रिबिन यांच्या जोडीला रिटुक्सिमॅब तेथे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच २०२३ साली एमएसबेस व डेन्मार्कच्या नोंदींवरून रिटुक्सिमॅब व ऑक्रेलिझुमॅब यांची तुलना झाली. आघातांचे वार्षिक प्रमाण रिटुक्सिमॅबच्या गटात ०.२० आणि ऑक्रेलिझुमॅबच्या गटात ०.०९ होते, अपंगत्वाच्या वाढीत मात्र फरक दिसला नाही. रिटुक्सिमॅबचे रुग्ण थोडे होते. म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. डेन्मार्क व नॉर्वे येथे थेट तुलनेच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. पण आपल्या देशासाठी प्रश्न वेगळा आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज् कंपनीने २००७ मध्येच रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. ज्या घराला महाग औषध सहा महिने आणि स्वस्त औषध सहा वर्षे परवडते, त्या घरासाठी "चांगले" म्हणजे काय? औषध मध्येच सुटले तर त्याची प्रयोगशाळेतील श्रेष्ठता काय कामाची? परवडणे, मिळणे आणि टिकणे हे औषधाच्या परिणामकारकतेचेच भाग आहेत, हे माझे ठाम प्रतिपादन आहे.

आपल्याकडील अनुभव

असे प्रश्न सोडवायला स्वीडनच लागते, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. फरक एवढा प्रचंड असेल तर साधी नोंदही पुरते.

फरक लहान असेल, तर काटेकोर तुलना हवी. तीही आपल्याच भागात झाली आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या आणि प्रॅझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे हाफकिनची विंचूप्रतिविष लस उपलब्ध झाली, तेव्हा "माझेच औषध पुरेसे आहे" असे म्हणून ते थांबले नाहीत. डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह त्यांनी ७० रुग्णांची यदृच्छ विभागणी केली: ३५ जणांना नुसते प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन व प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ३२. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा निबंध छापला. एका तालुक्याच्या गावातील दांपत्याने स्वतःच्याच उपचारपद्धतीला कसोटीवर लावले, यात मला औषधशास्त्राइतकीच नीतीही दिसते.

शिवाय परदेशातील निष्कर्ष आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिससारखा दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा निराळा विकार लक्षात ठेवावा लागतो. त्याचे प्रतिपिंड २००४ मध्ये ओळखले गेले. त्या विकारात इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड दिले तर प्रकृती बिघडू शकते. मुलांत 'मॉग' प्रतिपिंडांचा विकारही असाच फसवतो. निदानच चुकले, तर उत्तम औषधही घात करते, आणि नोंदवहीत मात्र "औषध निष्फळ" अशी नोंद होते. क्षयरोग आणि ब प्रकारची कावीळ हे आपले जुने शेजारी. प्रतिकारशक्ती दडपणारे प्रत्येक औषध त्यांना जागे करू शकते. या धोक्याचे आकडे स्वीडन आपल्याला देऊ शकणार नाही. ते आपणच गोळा केले पाहिजेत. औषध सुरू होण्यापूर्वी कांजिण्यांसारख्या लसी पूर्ण करणे हे तर आपणा बालरोगतज्ज्ञांचेच काम आहे.

कालनिर्णयच्या मागची नोंद

त्या मुलीकडे परत येतो. तिचे कागद तीन शहरांतील तीन रुग्णालयांत विखुरलेले होते. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, जळगाव महाराष्ट्रात. आपला रुग्ण आज इंदूरला, उद्या जळगावला, परवा मुंबईला जातो. प्रत्येक ठिकाणी त्याच्या आजाराचा एक तुकडा राहतो. "आघात नेमके किती झाले, औषध कोणत्या महिन्यात सुटले?" असे मज्जाविकारतज्ज्ञांनी विचारले, तेव्हा त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते त्या मुलीच्या आईकडे निघाले. चौथी इयत्ता शिकलेल्या त्या माउलीने कालनिर्णयच्या पानांमागे सारे लिहून ठेवले होते: सुई कोणत्या दिवशी दिली, ताप कधी आला, पाय कधी जड झाला, शाळा कधी बुडाली, सुई कधी संपली. चार वर्षांची कालनिर्णये तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मला माझ्या केस पेपरची लाज वाटली.

यातच माझ्या लेखाचे सार आहे. जगातील उत्तमोत्तम नोंदवह्यांना एक रुग्ण दिसत नाही: जो यायचा थांबला तो. पैसे संपले, गाडी चुकली, मुलीचे लग्न ठरले, कोणी जडीबुटी सुचवली, आणि रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या संगणकातून नाहीसा झाला. तो बरा झाला की बिघडला, हे तेथे कोणालाच कळत नाही. पण तो नाहीसा झालेला नसतो. तो खोकल्याचे औषध घ्यायला तुमच्या-माझ्या दवाखान्यात येतच असतो. औषधांच्या वास्तव परिणामाचा हरवलेला दुवा आपल्या बाकावर बसलेला असतो.

२०२१ पासून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने, दिल्लीच्या 'एम्स'ला केंद्र मानून, या रोगाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आहे. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आधार देण्याचे काम करीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या रोगाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. चौकट उभी आहे; आपल्या बाजूची ओळ तेवढी कोरी आहे.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझी साधी सूचना आहे. एका पानाचे कार्ड छापावे. त्यात सहाच गोष्टी असाव्यात: पहिले लक्षण कधी व कोणते, प्रत्येक आघाताची तारीख, औषध कधी सुरू झाले, कधी सुटले आणि का सुटले, आधाराशिवाय किती अंतर चालता येते, क्षय, कावीळ, नागीण असे संसर्ग, आणि एमआरआय व प्रतिपिंड तपासणीची तारीख. एक प्रत रुग्णाकडे, एक डॉक्टरकडे. "का सुटले" हा रकाना कधीही रिकामा ठेवू नये, कारण खरे उत्तर तेथेच असते. रुग्णाची किंवा पालकांची संमती घ्यावी, नाव गुप्त राखावे, आणि माहिती उपचार करणाऱ्या मज्जाविकारतज्ज्ञांमार्फत राष्ट्रीय नोंदवहीत जावी.

काही ज्येष्ठ स्नेही म्हणाले, "अहो, बोटांवर मोजण्याइतके रुग्ण. यातून काय निघणार?" त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. आपल्या दहा-वीस कार्डांवरून कोणते औषध श्रेष्ठ हे कधीही ठरणार नाही, आणि ठरवूही नये. पण रोग विरळ असेल तेव्हा प्रत्येक गहाळ रुग्णाने हिशोब चुकतो. आणि समजा राष्ट्रीय हिशोबाला आपला काहीच हातभार लागला नाही, तरी त्या रुग्णाच्या पुढच्या डॉक्टरला एका दृष्टिक्षेपात त्याचा इतिहास कळेल. एवढा लाभही छपाईच्या खर्चाहून पुष्कळ अधिक आहे.

शेवटी, त्या पित्याला मी काय सांगितले? मी म्हणालो, "दादा, सर्वांत चांगले कोणते हे आज कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. पण सौम्य औषधापेक्षा जोरकस औषध लवकर दिलेले बरे, असे पुष्कळ ठिकाणच्या अनुभवावरून दिसते. आणि माग न विकता जे तुम्ही वर्षानुवर्षे देऊ शकाल, तेच तुमच्या मुलीसाठी चांगले." क्षयाची व काविळीची तपासणी झाली, राहिलेल्या लसी मी दिल्या, आणि मज्जाविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रिटुक्सिमॅब सुरू झाले. वर्षातून दोनदा शहरात जाणे त्यांना जमते. माग विकावा लागला नाही. मुलगी आज महाविद्यालयात जाते. उजवा पाय थोडा ओढते, पण चालते.

ती चालते यावरून ते औषध श्रेष्ठ, असे मी म्हणणार नाही. एकदा गोळ्यांच्या बाबतीत ती चूक मी केली आहे. तिची एक ओळ इतर हजारो ओळींच्या शेजारी लिहिली जाईल, तेव्हाच तिच्या चालण्याचा अर्थ लागेल. ती ओळ लिहिणे तिच्या आईने कधीच सुरू केले आहे. आपण सुरू करावे, एवढीच प्रार्थना.